पाठीवरची चेन

"तेलाचा हात लावू नकोस त्याला. आधी साबणानं धू, मग ये."

आमचे हे रोज सकाळी मला हेच सांगायचे. देवापाशी दिवा लावून मी उठायची, बोटांना तेल तसंच असायचं, आणि त्याच हातांनी बाल्कनीत कपडे वाळत घालायला निघायची. तिथे ह्यांचा ड्रायसूट टांगलेला असायचा, मुंडकं नसलेल्या माणसासारखा. थंड पाण्यात उतरणाऱ्या पाणबुड्याचा पोशाख तो. पावलांपासून गळ्यापर्यंत एकसंध. गळ्याशी आणि मनगटांशी पातळ काळं रबर असतं. ते कातडीला घट्ट बसतं, म्हणून पाणी बाहेर राहतं आणि माणूस आत कोरडा. "त्या रबराला तेल म्हणजे विष," हे म्हणायचे. "आज चकाकतं, उद्या लिबलिबीत होतं, आणि मग भलत्या वेळी फाटतं."

हे गेले ते पाण्यात नाही, अंथरुणात, साध्या तापानं. त्यांचं काम मुलानं पुढे चालवावं अशी त्यांची फार इच्छा होती. पण आमचा मुलगा अंघोळीच्या बादलीशीसुद्धा जपून वागतो. तो शाळेची बस चालवतो आणि सुखात आहे. काम उचललं ते सुनेनं. लग्न होऊन घरात आली आणि वर्षाच्या आत सासऱ्यामागून तलावावर जायला लागली. शेवटच्या आजारातही हे तिला पलंगावरून गाठी शिकवत होते.

काम काय, तर शहराला पाणी देणाऱ्या तलावाच्या तळाशी, पाणी जिथून नळांत शिरतं तिथे, लोखंडी जाळ्या आहेत. त्या जाळ्यांना जे जे येऊन चिकटतं ते हातांनी उपसून काढायचं. हिवाळ्यात तर आधी काठावरचा बर्फाचा पापुद्रा फोडावा लागतो. जाळीला काय चिकटतं ते सुनेनं मला एकदा जेवताना सांगितलं. केसांचे पुंजके, फुगलेले उंदीर, लहान मुलांचे वापरलेले लंगोट, आणि या सगळ्यावर हिरवट बुळबुळीत साय. मी घास खाली ठेवला. तेव्हापासून मी पाणी उकळून, गाळून, आणि वर डोळे मिटून पिते. तलावाकडे तर मी कधी फिरकलेच नाही.

गेल्या थंडीत ती घरी आली तेव्हा तिच्या ओठांना रंग नव्हता. दात इतके वाजत होते की तिला काय म्हणायचंय ते कळेना. मी तिचे कपडे उतरवले. सूटच्या आत घालायचा ऊबदार अंगरखा पुढून कोरडा होता, पण पाठीवर, डाव्या खांद्यापासून खाली, पाण्याचा एक ओघळ उतरलेला. ह्यांचा सूट केव्हाच फाटला होता. ठेकेदाराकडे सगळ्यांत मिळून एकच सूट होता आणि त्याची चेन पाठीवर होती, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत आडवी. ज्याची त्याला लावता येत नाही. मागे उभं राहून दुसऱ्यानं लावायची. ती लावायचा दोरीवाला, म्हणजे काठावर उभं राहून पाणबुड्याची दोरी धरणारा माणूस. त्या दिवशी त्यानं चेन शेवटपर्यंत ओढली नव्हती. बोटभर उघडी ठेवली होती.

"विसरला असेल," मी म्हटलं.

"विसरायला तो लक्ष कुठे देतो चेनकडे," सून म्हणाली. तिला अजून कापरं भरत होतं. "त्याचं लक्ष दुसरीकडेच असतं, आई. चेन लावायला त्याला इतका वेळ का लागतो ते मला विचारू नका."

मी विचारलं नाही. तिच्या अंगावर आणखी एक पांघरूण टाकलं.

तो दोरीवाला ठेकेदाराचा मेहुणा. त्यामुळे तक्रार केली तरी ती त्यांच्या घरातल्या घरातच फिरली. ठेकेदार एवढंच म्हणाला की सूट जुना झालाय, पुढच्या हंगामाला तुझ्या मापाचा दुसरा घेऊ. मेहुण्याच्या ओळखीचं दुकान आहे, तोच येईल बरोबर. आणि यंदा दुकानात जायचं ठरलं ते काम सुरू व्हायच्या अगदी आदल्या दिवशी.

"आई, तुम्ही चला," सून म्हणाली. "त्याच्याबरोबर एकटीनं जायचं माझ्या अगदी जिवावर आलंय. मला पुढे चेन असलेला सूट बघायचाय. छातीवरून तिरकी जाते ती. आपली आपण लावता येते. कुणाचा हात नको."

मी हात धुतले आणि निघाले.

दुकानात शिरताच आधी वासानं अडवलं. खाली भिजून कुजलेल्या मोज्यांचा वास आणि वरून कुणी लिंबाच्या वासाचा फवारा मारलेला. नुसता कुजका वास परवडला असता. भिंतीला ओळीनं सूट टांगलेले, पाय जमिनीला टेकलेले. मेहुणा आमच्या आधीच येऊन बाकावर बसला होता. स्कूटरच्या किल्लीनं कान कोरत होता. कोरून झालं की किल्लीचं टोक निरखायचा, पँटला पुसायचा, पुन्हा कान.

"या वहिनी," तो म्हणाला. "अरे वा, सासूबाईंना पण आणलंत. त्या पण उतरणार का काय पाण्यात?"

"त्यांना पोहता येत नाही," सून म्हणाली. "तुम्हाला तरी कुठे येतं म्हणा."

दुकानदार हसत पुढे आला. त्याचा आवाज पाकात घोळवल्यासारखा. "बसा काकू. ताई, सांगा काय दाखवू? जाड फोमचा की तीन पदरी कापडाचा?"

"कापडाचा," सून म्हणाली. "फोम घाण धरून ठेवतो. आमचं पाणी काही आरशासारखं नाही. कापडाचा असला की वरून नळी मारली की झालं. ऊब आतल्या अंगरख्याची. अंगरखे दोन ठेवा, एक वाळतोय तोवर दुसरा."

"एकदम बरोबर. आणि हे बघा, लघवीची सोय." त्यानं एका सूटच्या मांडीवरची बारीक झडप बोटानं टिचकवून दाखवली. "आतून नळी जोडायची, बाहेरच्या बाहेर. बायकांसाठीही येतं आता, पेल्यासारखं, चिकटवायचं."

"कशाला एवढं?" मेहुणा बाकावरून म्हणाला. "लंगोट बांधा की. नाहीतर आमची बाकीची पोरं करतात तसं आपलं सूटमध्येच. गरम गरम."

मी नाकाला रुमाल लावला.

"तरीच," सून त्याच्याकडे न बघता म्हणाली. "मला वाटायचं सूटमध्ये उंदीर मेलाय." मग दुकानदाराला, "झडप असलेला बघू. पण आधी चेन पुढे पाहिजे."

तिच्या मापाचे दोनच होते. ती बारीक चणीची. ही दुकानं भरलेली असतात ती आडव्या अंगाच्या पुरुषांसाठी. एक सूट नवा कोरा, घडीचा, पण चेन पाठीवर. दुसरा पुढच्या चेनचा, वापरलेला. "फक्त दोनदा पाण्यात गेलाय," दुकानदार म्हणाला. "एका हौशी माणसाचा. बायको नको म्हणाली, सोडला बिचाऱ्यानं छंद." सुनेनं नव्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वापरलेला खांद्यावर टाकून ती कोपऱ्यातल्या पडद्याआड गेली आणि मला बोलावलं.

पडद्यामागचा गालिचा पायाखाली ओला लागत होता. कशानं ओला, याचा मी विचार केला नाही. ती पाय घालून आत शिरली, बाह्या चढवल्या. गळ्याचं रबर डोक्यावरून उतरवायचं म्हणजे दोन्ही हातांनी ताणून धरावं लागतं, नाहीतर केस ओढले जातात. "आई, जरा धरता?" तिनं विचारलं. मी धरलं.

आणि माझी बोटं थांबली.

लहानपणापासून रोज दिवा लावते आहे मी. बोटांना तेल लागलं की कसं वाटतं हे मला डोळे मिटूनही सांगता येईल. पाण्याचा ओलेपणा पुसला की जातो. तेल जात नाही, बोटांच्या रेषांत जाऊन बसतं. रबर चकचकीत काळं दिसत होतं, नव्यासारखं. माझे हात स्वच्छ होते. घरून साबणानं धुऊन निघाले होते, नंतर कशाला लावलेही नव्हते. मी बोटं रुमालाला पुसली. रुमालावर काळपट तेलकट डाग उमटला. नाकाशी नेला तर खवट.

"उतरव," मी म्हटलं.

"का? बसतोय छान."

"उतरव, बाळा."

मी सूट घेऊन दुकानदाराकडे गेले आणि विचारलं, तुमच्याकडे साबण आहे का. त्यानं हसून मागच्या मोरीकडे बोट दाखवलं. ती मोरी मी आयुष्यभर विसरणार नाही. साबणाच्या वडीला कुणाचे तरी केस चिकटलेले, नळाखाली पिवळट थर, भोकात विड्यांची थोटकं. श्वास धरून मी गळ्याचं रबर धुतलं. दोनदा फेस केला. चकाकी उतरली आणि खालून खरं रबर निघालं, राखेसारखं फिकट. खिडकीच्या उजेडात धरून जरा ताणलं, तर त्यावर बारीक बारीक भेगा, जुन्या कपबशीला असतात तशा. एका जागी तर नख टेकवलं तेवढ्यानं रबराचा कण हाताला आला.

हौशी माणूस कसला आणि दोनदा कसलं. कितीतरी हिवाळे कुणाकुणाच्या घामात कुजलेलं रबर होतं ते. मेलेल्याला रंग लावून बसवावं तसं तेल चोपडून भिंतीला टांगलं होतं.

मी ते आणून दुकानदारापुढे टेबलावर ठेवलं. त्याचं हसू जागचं हललं नाही. मला सगळ्यात ओंगळ वाटलं ते हे.

"पॉलिश असतं काकू," तो म्हणाला. "सगळेच करतात. गिऱ्हाइकाला माल बरा दिसायला हवा ना."

"खाली पाण्यात फाटलं असतं हे."

"असं कसं फाटेल? आणि रबर बदलून देतो ना मी. आठवडा द्या."

"काम उद्या आहे," सून म्हणाली.

"मग उद्यापुरतं चालवा की," मेहुणा उठून जवळ आला. कान कोरलेल्या त्याच किल्लीनं त्यानं रबर दाबून पाहिलं. "काय होतंय? वरून चिकटपट्टी मारू दोन वेढे. मी मारतो की, वहिनी. मानेला घट्ट बसवून देतो."

आणि हसला. दातांत कसलीतरी साल अडकली होती. मी टेबलाची कड धरली.

मला वाटलं, आता सून त्याला चार शब्द सुनावेल. तिची जीभ काही कमी नाही. पण ती सूटकडेच बघत उभी होती. मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाली, "आई, मी हाच घेते."

"हे कुजकं?"

"चिकटपट्टी माझी मी मारेन. गळ्यातून पाणी आलं तर मला लगेच कळेल, मी वर येईन. पाठीमागचं मला दिसत नाही. पाठीला तो असतो." तिनं ओठ दाबले. "तो नवा सूट चांगला आहे, मला दिसतंय ते. पण त्याची चेन रोज सकाळी याच्या हातात. मला नाही सोसवत. त्यापेक्षा कुजकं परवडलं."

हिला गळ्याशी मरण बांधून घेणं परवडत होतं, पण पाठीला ती बोटं नको होती. आणि मी रुमाल नाकाला लावून उभी होते. त्या रुमालालाही आता खवट तेलाचा वास येत होता.

"नवा घे," मी म्हटलं. "चेन मी लावीन."

तिला वाटलं मी समजूत काढतेय. "तुम्ही? तलावावर?"

"हो."

"आई, तिथे जाळीवरचं सगळं काठावर टाकतात. ढीग असतो. मी वर आल्यावर माझ्या अंगावर काय असतं ते तुम्ही बघितलं नाहीत कधी. माझा टॉवेल तर तुम्ही चिमटीत धरून मशिनमध्ये टाकता."

"चिमटीत धरते, पण टाकते ना?"

ती हसली. पहिल्यांदाच त्या दिवसात. मग लगेच गंभीर झाली. "आणि सकाळचं तुमचं? ते झाल्याशिवाय तुम्ही घराबाहेर पाऊल टाकत नाही."

"ते त्याआधी होईल. देव काही झोपलेला नसतो, मीच उशिरा उठते." मी म्हटलं, "पण मला वचन दे. मी पोचेपर्यंत त्या सूटमध्ये शिरायचं नाही. कुणी कितीही घाई केली तरी."

"तुम्ही पोचाल?"

"पोचेन."

मेहुण्याला एवढं सगळं ऐकू गेलं नव्हतं, पण नवा सूट काढायला सांगितल्यावर त्यानं भुवया चढवल्या. "पाठीच्याच चेनवर आलात की शेवटी. बरंय, आपण आहोतच."

"तुम्ही दोरी धरा," मी म्हटलं. "चेन मी लावणार आहे."

"काकू, काठावर असं कुणालाही येता येत नाही."

"मग मीही उतरत नाही," सून म्हणाली. "दाजींना सांगा तुमच्या. जाळ्या तुम्ही साफ करा. पोहायला शिकायला अजून संध्याकाळ आहे."

"काठावर सासू आणि पाण्यात सून," तो दुकानदाराकडे बघून पुटपुटला, आणि दोघं हसले. हसू देत.

पुढचं सगळं सुनेनं निवडलं. मला त्यातलं थोडंच कळत होतं. छातीवरची हवा भरायची झडप जाड हातमोज्यातूनही दाबता येते का ते तिनं पाहिलं. दंडावरची हवा सोडायची झडप फिरवून फिरवून पाहिली. कान झाकणारी टोपी घातली आणि मला म्हणाली, काहीतरी बोला. मी बोलले ते तिला ऐकू आलं नाही, म्हणजे टोपी नीट बसली. हातमोजे घेतले ते मनगटाच्या कड्याला घट्ट बसणारे, आत लोकरीचा हात असलेले. पायांत जाड मोजे घालून बूट दाबून पाहिले, अंगठ्याला जागा राहते ना म्हणून. जागा नसली की आधी पाय गारठतात. दोन अंगरखे. चेन अडू नये म्हणून तिला लावायला मेणाचा तुकडा. रबराला भुरभुरायला पावडर, बिनवासाची. दुकानदारानं गुलाबाच्या वासाची पुढे केली होती, ती तिनं परत सारली. प्रत्येक वस्तू ती माझ्या हातात देई आणि मी आधी वास घेई. असं मला वाण्याच्या दुकानातही करताना कुणी पाहिलं नसेल.

मग ती नवा सूट घालून माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. "लावा," म्हणाली. "इथेच शिका."

हात पुढे घेऊन तिनं खांदे सैल सोडले. मी डाव्या हातानं चेनचं टोक धरलं आणि उजव्यानं ओढलं. अडलं. "झटका देऊ नका. सरळ ओढा. मध्ये अंगरख्याची लोकर येत नाही ना ते बोटानं आत सारत जा." मी सारत गेले. रबराच्या नव्या वासाखाली तिच्या मानेला घामाचा वास होता, माणसाचा, खारट. इतक्या जवळून मी तिची पाठ कधी पाहिली नव्हती. चेन उजव्या खांद्याशी आली आणि मला वाटलं झालं.

"झालं?" तिनं विचारलं.

मी बोट फिरवलं. शेवटाला अजून बोटभर जागा होती. हीच ती जागा. मी दोन्ही हातांनी धरून ओढलं, तेव्हा दांडी खाचेत जाऊन टेकली. पुन्हा बोट फिरवलं.

"आता झालं."

ती खाली बसली, उठली, हात डोक्यामागे नेले, अंगाला घट्ट आवळून घेतलं. गळ्याच्या रबरातून हवा फुसकन बाहेर पडली. "घट्ट आहे," ती म्हणाली. "दोन बोटं शिरतात ना बघा, चक्कर यायला नको." दोन बोटं शिरली, कशीबशी. ते रबर कोरडं होतं, पावडरीनं मऊ, आणि माझ्या बोटांना त्याचं काही लागलं नाही.

निघताना पाहिलं तर दुकानदार तो धुतलेला सूट पुन्हा भिंतीला टांगत होता. टेबलाखाली वाकून त्यानं बाटली काढली आणि चिंधीवर तेल घेतलं, आमच्या देखत. पुढच्या गिऱ्हाइकासाठी. मी दारातून परत फिरले, त्याच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "ते रबर कापून टाका. आत्ता, माझ्यासमोर."

"जाऊ द्या ना काकू."

मी उभीच राहिले. मला मोठ्यानं बोलता येत नाही, कधी जमलं नाही. पण उभं राहता येतं. शेवटी वैतागून त्यानं कात्री घेतली आणि गळ्याचं रबर कापलं. ते टेबलावर पडलं, मेलेल्या गोगलगायीसारखं ओलसर. मी ते रुमालात गुंडाळलं आणि रस्त्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात रुमालासकट टाकलं.

रात्री जेवताना मुलगा म्हणाला, "आई, तू तलावावर? तुला तर फ्रीजमधल्या कालच्या आमटीचाही वास सहन होत नाही."

"कालची आमटी कुणी पाठीला बांधून घेत नाही," मी म्हटलं. तो काही समजला नाही. सुनेनं ताटात मान घातली आणि हसत राहिली.

सकाळी उठले तेव्हा ती सामान घेऊन ठेकेदाराच्या गाडीनं पुढे गेली होती. टेबलावर मेणाचा तुकडा ठेवून गेली होती, म्हणजे मी आल्याशिवाय चेन लागायची नव्हती. मी अंघोळ केली, दिवा लावला, रोजचं वाचन केलं. त्यातली एक ओळही घाईत उरकली नाही. मग उठून साबणानं हात धुतले. नखांच्या कडा ब्रशनं घासल्या. बोटं नाकाशी नेली, पुन्हा धुतली. तेलाचा वास गेला तेव्हा हात पुसले.

मेण पिशवीत टाकलं. दाराजवळच्या फळीवर मी नाकासाठी नवा रुमाल काढून ठेवला होता, अत्तराचा थेंब लावून. तो उचलला, आणि अत्तरातही तेलच असतं हे आठवलं. शिवाय चेन ओढायला दोन्ही हात लागतात.

रुमाल फळीवर परत ठेवला, बोटं पुन्हा एकदा धुतली, आणि मुलाची झोप मोडू नये म्हणून दार हळूच ओढून घेऊन मी जिना उतरले.